पार्श्वभूमी : रॉजर सिसेरोचा जर्मन स्विंग

२००६ साली जर्मनीत एक गाणं गाजलं. मागे पूर्ण बिगबँड, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनसह, आणि पुढे हॅट घातलेला पस्तिशीचा गायक. वाजवणं ऐकून पन्नास वर्षांपूर्वीचं न्यूयॉर्क आठवावं, पण शब्द अगदी घरातले. दिवसभर राबून आलेल्या नवऱ्याला दारातच हुकूम मिळतात : बूट काढ, कचरा टाकून ये, पोराकडे बघ, मग घर आवर.

मूळ जर्मनमध्ये पहिले तिन्ही हुकूम चार-चार अक्षरांचे आहेत. जर्मन भाषेत काही क्रियापदं दुभंगतात आणि त्यांचा छोटा तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो : आउस, राउस, आउफ. स्विंगला, म्हणजे या डोलत्या ठेक्याच्या जॅझला, शेवटच्या मात्रेवर जो झटका लागतो, तो इथे व्याकरणच पुरवतं आणि यमकही आपसूक जुळतं. जर्मन ही जॅझसाठी जड भाषा आहे असं जर्मन लोकच अनेक वर्षं म्हणत आले होते. ते किती वरवरचं होतं, हे कळायला हे एक ध्रुवपद पुरेसं आहे. गीतकार फ्रांक रामोंड, संगीतकार माटियास हास आणि गायक रॉजर सिसेरो.

लोकांना हे सगळं नवं वाटलं. खरं तर ते हरवून पुन्हा सापडलेलं होतं.

१९२० च्या दशकातल्या बर्लिन-व्हिएन्नामध्ये फॉक्सट्रॉट या नाचाच्या ठेक्यावर चटपटीत, खट्याळ जर्मन शब्द लिहिणाऱ्यांची एक पिढीच होती. त्यात ज्यू कलावंत मोठ्या संख्येने होते. संगीतकार फ्रीडरिश होलेंडर १९३३ मध्ये देश सोडून गेले आणि पुढे हॉलिवूडला पोहोचले. अमेरिकेतल्या केळ्यांच्या गमतीदार गाण्याला जर्मन शब्द देणारे फ्रिट्झ ल्योनर-बेडा यांचा १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत अंत झाला. १२ ऑक्टोबर १९३५ ला नाझी नभोवाणीने जॅझवर बंदी जाहीर केली. १९३८ मध्ये ड्युसेलडोर्फला ‘अध:पतित संगीता’चं प्रदर्शन भरलं. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस होता, छातीवर ज्यूंचा तारा लावलेला. त्याच राजवटीने ‘चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा’ नावाचा सरकारी वाद्यवृंद पोसला आणि इंग्रजी स्विंगमध्ये प्रचाराचे शब्द घालून तो ब्रिटनकडे प्रसारित केला. म्हणजे स्विंग वाजत होता, पण परक्यांसाठी आणि परक्या भाषेत.

युद्धानंतर जॅझ परत आला तो अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवरून आणि त्यांच्या क्लबांमधून, अर्थातच इंग्रजीत. जर्मन भाषेच्या वाट्याला आली ‘श्लागर’ नावाची गोड, हलकीफुलकी गाणी. जर्मनीत सैनिक म्हणून आलेला बिल रॅम्सी हा अस्सल जॅझ गायक, पण देशभर ओळखला गेला तो १९६० च्या आसपासच्या विनोदी जर्मन श्लागरांमुळे. ही वाटणी इतकी पक्की झाली की जर्मनमध्ये जॅझ गावा असं फारसं कुणाला सुचेना. पूर्व जर्मनीत मानफ्रेड क्रुग यांनी मात्र ते केलं. नट म्हणून घराघरात पोहोचलेल्या क्रुग यांनी १९७० च्या दशकात ग्युंटर फिशर यांच्या संगीतावर जर्मनमध्ये जॅझ-सोल गायला, आणि क्लेमेन्स केर्बर या टोपणनावाने गाणी लिहिलीही. १९७७ मध्ये त्यांना पूर्व जर्मनी सोडावी लागली. मला रॉजर सिसेरोचा खरा पूर्वसुरी तेच वाटतात.

घरातला वारसा वेगळा होता. वडील ओयगेन सिसेरो हे रोमानियातून १९६२ मध्ये पश्चिमेत आलेले पियानोवादक. बाख, स्कार्लात्ती, मोझार्ट यांच्या रचना स्विंगमध्ये वाजवणं ही त्यांची खासियत, आणि १९६५ च्या ‘रोकोको जॅझ’ने त्यांचं नाव झालं. रॉजरचा जन्म ६ जुलै १९७० चा, बर्लिनचा. अकराव्या वर्षी गायिका-अभिनेत्री हेलेन व्हिटा यांच्या कार्यक्रमाआधी तो पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. सोळाव्या वर्षी होर्स्ट यान्कोव्स्की यांच्या नभोवाणी वाद्यवृंदासोबत गायला. पुढे दक्षिण जर्मनीतल्या ट्रोसिंगेनला पियानो, गिटार आणि गायनाचं शिक्षण, वडिलांच्या त्रिकुटासोबत आणि राष्ट्रीय युवा जॅझ वाद्यवृंदासोबत गाणं, मग १९९१ ते १९९६ नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसुमला जॅझ गायनाचा अभ्यास. प्रसिद्धी मिळाली तेव्हा त्याच्या मागे रंगमंचावरची जवळजवळ पंचवीस वर्षं होती. त्याला ‘अचानक आलेला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही याचं वाईट वाटतं.

याच २००६ मध्ये त्याचा आवाज आणखी एका ध्वनिमुद्रिकेवर आला. पियानोवादक युलिया ह्युल्समान यांच्या त्रिकुटाबरोबर त्याने एमिली डिकिन्सनच्या कविता गायल्या, इंग्रजीत. तिथे हॅट नाही, बिगबँड नाही, विनोद नाही. पियानो, बास, ड्रम आणि मधली मोकळी जागा. शब्द उच्चारून झाल्यावरही तो स्वर काही क्षण तोलून धरतो आणि मग हळूच सोडून देतो. हे ऐकल्यावर ‘मेनरसाखेन’ या, बूट-कचऱ्याचं ते गाणं असलेल्या, गाजलेल्या अल्बममधली सहजता कुठून आली ते समजतं. नवरा-बायकोच्या कुरबुरींची गाणी हलकी होती, गळा हलका नव्हता.

२००७ मध्ये जर्मनीने त्याला हेलसिंकीला युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत पाठवलं. जगावर बायकांचंच राज्य आहे अशा अर्थाचं ते गाणं ४९ गुणांसह १९ व्या क्रमांकावर राहिलं. ज्याची सगळी गंमत शब्दांत आहे असं गाणं ती भाषा न जाणणाऱ्यांपुढे गेलं, तर दुसरं काय होणार? घरी त्याची लोकप्रियता कमी झाली नाही. ‘बेत्सीहुंग्सवाइझे’, ‘आर्टगेरेष्ट’, ‘इन डीझेम मोमेंट’ असे अल्बम येत राहिले. २०१४ च्या ‘वास इमर आउख कॉम्ट’मध्ये सूर बदलला. जोडीदारापासून वेगळं झाल्यानंतरचा हा अल्बम. गाण्यांच्या लेखनात तो स्वतः उतरला आणि हशा जवळजवळ थांबला. गीतकार म्हणून तो इथे जास्त खरा वाटतो.

त्यानंतर तो पुन्हा जॅझच्या मुळाकडे वळला. २०१५ मध्ये छोट्या संचासोबतचा एक अल्बम आला आणि अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या जन्मशताब्दीनिमित्त हॅम्बुर्गमधल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आलं. त्या नोव्हेंबरात अतिश्रमामुळे प्रकृती ढासळली आणि ठरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. मार्च २०१६ मध्ये तो टीव्हीवर पुन्हा दिसला. वसंतात सिनात्राच्या गाण्यांचा दौरा सुरू होणार होता. २४ मार्च २०१६ ला हॅम्बुर्गमध्ये पक्षाघाताने तो गेला. वय ४५. वडीलही १९९७ मध्ये पक्षाघातानेच गेले होते, ५७ व्या वर्षी. त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात मानफ्रेड क्रुगही गेले.