उघड्या गेटचा आकडा

कॅराबिनर, म्हणजे कडे चढताना दोर अडकवायची धातूची कडी, उजेडात धरून त्याच्या कण्यावरचं बारीक कोरीव लिखाण वाचलंत तर तीन आकडे सापडतात. समजा २३, ८ आणि ९. प्रत्येकाशेजारी इवलीशी आकृती असते: लांबीच्या दिशेचा बाण, आडवा बाण आणि उघडं गेट (गेट म्हणजे कण्यासमोरची, उघडझाप होणारी बाजू). पहिल्यांदा क्विकड्रॉ घेणारा माणूस सहसा पहिल्या, मोठ्या आकड्यावर भाळतो. माझ्या मते निवड करताना सगळ्यांत कमी उपयोगाचा आकडा तोच.

क्विकड्रॉची रचना अगदी साधी असते. शिवलेली एक मजबूत पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन कॅराबिनर. वरचा कड्याच्या खडकात बसवलेल्या बोल्टला अडकवायचा आणि खालच्यात दोर. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये चढणारा असे दोर अडकवत वर जातो आणि हात सुटला की शेवटचा क्विकड्रॉ त्याला झेलतो.

ते आकडे किलोन्यूटनमध्ये असतात. साधारण १०० किलोचं ओझं शांतपणे टांगलं की १ किलोन्यूटन भार होतो. नेहमीच्या, पण जोरकस पडण्यात चढणाऱ्याला ३ ते ४ किलोन्यूटनचा हिसका बसतो. वरच्या क्विकड्रॉला मात्र दोन्हीकडून ओढ बसते, कारण तो कप्पीचं काम करत असतो: एका बाजूला पडणारा, दुसऱ्या बाजूला बिले देणारा, म्हणजे खाली दोर सांभाळणारा. घर्षण नसतं तर भार दुप्पट झाला असता. घर्षणामुळे तो १.६ ते १.७ पटीवर थांबतो, म्हणजे साधारण ५ ते साडेसहा किलोन्यूटन. युरोपीय मानक ईएन १२२७५ नुसार साध्या कॅराबिनरने गेट बंद असताना किमान २० किलोन्यूटन सोसायला हवेत, त्यामुळे इथे काळजीचं कारण नाही. गेट उघडं असताना तेच मानक ७ वर समाधान मानतं. बंद कॅराबिनर ही एक कडी असते आणि भार दोन्ही बाजूंत वाटला जातो. गेट उघडलं की त्याचा नुसता हूक उरतो, आणि हूक ओढला की सरळ होऊ पाहतो. सहाच्या धक्क्यापुढे सातची ताकद म्हणजे काठावर पास.

गेट आपोआप कशाला उघडेल? एक कॅराबिनर घ्या, कानाजवळ धरा आणि त्याचा कणा तळहातावर जोरात आपटा. बारीक ‘टिक्‌’ ऐकू येईल. कणा थांबला तरी जडत्वामुळे गेट क्षणभर पुढेच गेलं आणि परत मिटलं, त्याचा तो आवाज. पडताना क्विकड्रॉ खडकावर आपटतो तेव्हा नेमकं हेच होतं. सळसळत जाणाऱ्या दोराच्या थरथरीनंही गेट फडफडू शकतं. तारेचं गेट हलकं असतं, म्हणून त्याचं जडत्व कमी आणि उघडण्याची शक्यताही कमी. तेव्हा तिसरा आकडा पाहावा. ९ किंवा १० असेल तर उत्तम.

मग सगळी गेटं तारेचीच का नसतात? नाकामुळे. कॅराबिनरचं नाक म्हणजे गेट जिथे येऊन टेकतं ते टोक. तारेच्या गेटाला अडकण्यासाठी तिथे बहुधा खाच लागते. लोंबत्या कड्यावरून उतरताना क्विकड्रॉ काढायला गेलं की ती खाच हँगरमध्ये, म्हणजे बोल्टवरच्या भोकाच्या पत्रीत, रुतते आणि थकलेल्या हातांचा अंत पाहते. त्याहून वाईट म्हणजे नाक हँगरच्या काठावर अर्धवट टेकून राहिलं, तर कॅराबिनर फार थोड्या भारात मोडू शकतो. भरीव गेटाच्या कीलॉक रचनेत नाक गुळगुळीत असतं. म्हणून बोल्टच्या बाजूला कीलॉक आणि दोराच्या बाजूला तार, ही जोडी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. खाच झाकलेली तारेची गेटंही मिळतात. खिसा सैल असेल तर तीच घ्यावीत.

पट्टीच्या बाबतीत मी जुन्या वळणाचा. डायनीमा या कृत्रिम धाग्याची पट्टी बारीक आणि हलकी, नायलॉनची रुंद आणि जड. पण एखादा मार्ग पुन्हा पुन्हा करून पाहताना माणूस पट्टीच पकडतो, आणि तेव्हा रुंद नायलॉनचं मोल कळतं. १२ सेंटिमीटरच्या आसपासची लांबी बहुतेक ठिकाणी पुरते. मार्ग नागमोडी असेल किंवा छताखालून जात असेल तर थोडे १७-१८ चेही जवळ ठेवावेत. दोराच्या प्रत्येक वळणाचं घर्षण नुसतं मिळवलं जात नाही, ते चक्रवाढ व्याजासारखं वाढतं. शेवटच्या बोल्टशी दोर ओढताना ते व्याज दंडांना फेडावं लागतं.

पट्टीच्या खालच्या टोकाला एक छोटं रबर असतं. दोराचा कॅराबिनर आडवा फिरू नये, एवढंच त्याचं काम. वरच्या टोकाला ते नको, तिथला कॅराबिनर मोकळा हलला पाहिजे. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्पियेर इथे १२ वर्षांचा एक इटालियन चढाईपटू पडून दगावला. त्याच्या काही क्विकड्रॉंमध्ये कॅराबिनर पट्टीच्या घडीतून न ओवता नुसत्या रबरातून ओवले गेले होते. बाहेरून ते ठाकठीक दिसत होते. क्विकड्रॉ स्वतः जोडला असो वा उसना आणला असो, रबर बाजूला सारून पट्टी कॅराबिनरभोवती आहे ना, हे बघूनच तो हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, लावावा.

दोन्ही टोकांचे कॅराबिनर वेगळ्या रंगांचे असतात ते शोभेसाठी नव्हे. बोल्टचा पोलादी हँगर ॲल्युमिनियमला ओरखडे पाडतो, आणि त्याच कॅराबिनरमध्ये पुढे दोर घातला तर ते ओरखडे दोराला सोलतात. दोराच्या बाजूची झीज निराळी: दोरातली माती आणि वाळू घासून धातूत खोबण पडते, आणि खोबणीची कड धारदार होऊ शकते. कड्यावर कायमचे टांगलेले क्विकड्रॉ या बाबतीत सगळ्यांत बेभरवशाचे. त्यातही पहिल्या बोल्टचा, कारण तिथे दोर तिरका वळतो आणि सारखा घासतो. दोर घालण्याआधी आतल्या वळणावरून नख फिरवा. ते कुठे अडलं तर त्या कॅराबिनरला हात न लावता त्याच बोल्टला स्वतःचा क्विकड्रॉ लावा.