पक्का गम लावायच्या आधीचा कच्चा गम

विमानाच्या मॉडेलचं किट असूदे, रेल्वेचा डबा असूदे नाहीतर दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला केलेला राजहंसगडाचा बुरूज, सगळे भाग आधी कोरडेच जुळवून बघायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात दोन आणि भाग पाच, पंख धरला की शेपूट पडते, मग माणूस वैतागून सरळ गम लावून मोकळा होतो. आणि तिथंच फसतो.

कारण किटच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, जे पातळ सिमेंट (मॉडेलचा गम, बांधकामाचं नव्हे) लावतात ते खरंतर चिकटवतच नाही. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, दोन्ही कडा विरघळवतं, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे एकसंध तुकडा राहतो. पंख वाकडा बसला तर बसला, आता करवत घ्या.

तात्पुरत्या गमचं काम उलटं. त्यानं पृष्ठभागाला नुसतं लागून राहायचं, आत मिसळायचं नाही. दोन वस्तूंच्या रेणूंमध्ये थोडी ओढ असतेच, पण ती नॅनोमीटरभर अंतरातच चालते आणि आपल्याला गुळगुळीत वाटणारं प्लॅस्टिकसुद्धा त्या मापानं खडबडीतच असतं, म्हणून मधे असा पदार्थ लागतो जो त्या खाचाखोचांत शिरेल इतका मऊ असेल आणि तरी वाहून जाणार नाही. ब्लू टॅक, म्हणजे भिंतीवर पोस्टर चिकटवायचा तो मळता येणारा निळा गोळा, नेमका तसाच. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मळून दाबा, बसतो. काढताना मात्र झटका देऊ नका, अशा पदार्थाला जितकं जोरात ओढाल तितका तो कडक होतो, आणि अँटेनासारखा बारीक भाग असेल तर गम सुटायच्या आधी भागच मोडतो. हळूहळू पिळत काढायचं, मागे राहिलेले कण त्याच गोळ्यानं टिपायचे, आणि रंग द्यायच्या आधी तो भाग भांड्याच्या साबणानं धुवायचा, कारण तेलकट डाग राहिला की रंग धरत नाही.

पण याच्यात एक गोम आहे की हो. गोळ्याला स्वतःची जाडी असते. १:७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये सांध्यात अर्धा मिलिमीटर गम राहिला तर खऱ्या विमानाच्या हिशेबानं ती ३६ मिलिमीटरची फट झाली, म्हणजे फिटिंग बघायला गेलो आणि फिटिंगच खोटं दिसलं. म्हणून माझं मत, सांध्याच्या आत काही घालूच नये, बाहेरून मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावाव्यात. ही टेप ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ च्या सुमारास काढली ती गाड्या रंगवणाऱ्यांसाठी, रंग न उखडता निघावी म्हणूनच. त्याच कंपनीत १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांना एक विचित्र गम मिळाला, बारीक गोळ्यांचा, जो पूर्ण पृष्ठभागाला न लागता ठिपक्या-ठिपक्यांनीच लागायचा, म्हणून सहज सुटायचा. पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या त्यातूनच आल्या.

कॉकपिटच्या पारदर्शक काचेला मात्र साधा पांढरा फेविकॉल. रंगकाम होईपर्यंत झाकण म्हणून टेकवायची असेल तर कडेला दोन-चार थेंब पुरतात, सुकल्यावर दिसत नाही, कोमट पाण्यानं मऊ होऊन सुटतो. इथं फेविक्विक नकोच. त्याची वाफ आजूबाजूला बसून तिथंच घट्ट होते आणि काचेवर पांढरं धुकं येतं. पोलिसांची लॅब हीच वाफ वापरून बोटांचे ठसे उठवते, त्यांना ते पाहिजे असतं, आपल्याला नको असतं.

सोनाराची पद्धत वेगळी, तो नक्षी ठोकायला दागिना लाखेवर बसवतो, झालं की गरम करून उचलतो. धातूला चालतं ते. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, त्यामुळे तापलेली लाख त्याच्याजवळ नेऊच नका. मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, ते चालेल, पण पुसायचा ताप फार.

आणि बेळगावच्या पावसाचं काय? जुलैत फेविकॉल सुकता सुकत नाही, आणि फेविक्विक उलट लवकर धरतं कारण त्याला हवेतला ओलावाच लागतो. टेप लावायच्या आधी भाग कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, आणि फिटिंग बघून झालं की त्याच संध्याकाळी काढा, आठवडाभर ठेवली तर तिचा गम हळूहळू पसरत आणखी घट्ट बसतो आणि निघताना खालचा रंग घेऊन येतो.