मागची काच: रबरातली आणि पेस्टिंगची

अँबॅसिडर किंवा पद्मिनीची मागची काच फुटली की मालक आधी काचेच्या मागे धावतो. काच शोधून सापडते, नाहीतर मापाने करून घेता येते. खरं नुकसान त्यानंतर, बसवताना होतं. काचवाल्याचं दिवसभराचं काम नव्या गाड्यांचं असतं, हातात काच चिकटवायच्या पेस्टची गन असते. रबर जुनं दिसलं की तो म्हणतो, "दादा, कडेने पेस्ट फिरवून देतो, थेंब यायचा नाही." मालकालाही ते पटतं. इथे दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत होते आणि त्याची किंमत दोन-तीन पावसाळ्यांनी पत्र्याला मोजावी लागते.

जुन्या गाडीत काच रबर धरतं. त्यात सीलंट लावलं तर ते फक्त पाणी अडवायला. नव्या गाडीत काच युरेथेनची पेस्ट धरते आणि कडेला दिसणारी काळी पट्टी नुसती शोभेची असते. बाहेरून दोन्हीकडे काचेभोवती काळं रबरच दिसतं, त्यामुळे फसायला होतं.

ओळखायचं असेल तर गाडीत बसा आणि काचेच्या कडेला नख घाला. रबराचा ओठ उचलला जातो आणि त्याखाली पत्र्याची उभी कड दिसते का? मग काच रबरातली. आतून ओठ नाही, काच थेट पत्र्यावर टेकलेली आहे आणि काचेच्या कडेला काळा रंग भाजून बसवलेला आहे, आतल्या बाजूला ठिपके विरळ होत गेलेले आहेत, तर ती पेस्टिंगची. हा काळा पट्टा दिसायला बरा म्हणून दिलेला नसतो. युरेथेनला ऊन सोसत नाही. काचेतून आलेलं ऊन सतत पडत राहिलं तर पेस्टची पकड सुटत जाते, म्हणून तिला या पट्ट्याच्या सावलीत ठेवलेलं असतं. जुन्या गाडीच्या काचेला हा पट्टा नसतो. तिला पेस्टने चिकटवलं तर मराठवाड्याचं 42-43 अंशांचं ऊन थेट पेस्टवर पडतं.

दुसरं कारण पत्र्याचं. रबराचा आडवा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत चौकटीची कड. गाडी हलते, चौकट किंचित पिळवटते, तेवढं रबर सोसतं. कडेने पेस्ट फिरवली की बाहेरचा ओठ बंद होतो, पण वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि खालच्या दोन कोपऱ्यांत साचतं. पत्रा तिथेच कुजतो. पुढे कधी ती काच काढायची म्हटलं तर रबर, पेस्ट आणि रंग एकत्रच निघतात. सिलिकॉन त्याहून वाईट. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी पुन्हा रंग धरत नाही.

पेस्टिंगच्या गाडीवर मात्र उलटा नियम. तिथे पेस्टमध्ये काटकसर करायची नाही. जुनी पेस्ट तारेने किंवा सुरीने कापायची, पत्र्यावर तिचा एक-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवायचा. नवी पेस्ट त्या थरावर उत्तम धरते. काचेला आणि जिथे पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर, मग तिकोनी तोंडाच्या नळीने न तुटणारी एकसारखी ओळ, आणि काच एकदाच, नेमकी ठेवायची. गाडी केव्हा हलवायची ते डब्यावर लिहिलेलं असतं. एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते: ही पेस्ट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरून साय धरते, आत मात्र कच्ची असते. "ऊन आहे, लवकर वाळेल" हा हिशोब इथे चालत नाही.

आता रबराच्या कामाकडे. हेच बहुतेक ठिकाणी चुकतं, म्हणून सविस्तर.

मागची काच टफन्ड असते. फुटली की तिचे साबुदाण्याएवढे-चण्याएवढे बोथट तुकडे होतात आणि मागच्या सीटमागची फळी, स्पीकरची भोकं, सीटच्या फटी सगळीकडे शिरतात. सीट काढून व्हॅक्यूम मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. रबराच्या खाचेत राहिलेला एक तुकडासुद्धा नव्या काचेची कड टोचतो. टफन्ड काचेचा मधला भाग दणकट, कड नाजूक. मधे तळहाताची थाप सहज सोसते, पण कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं की क्षणात सगळी काच भुगा होते. ही काच नंतर कापता, घासता किंवा भोक पाडता येत नाही. म्हणून करून घ्यायची असेल तर माप, वळण आणि जाडी आधीच पक्की करा. जाडी जुन्या तुकड्यावर व्हर्नियरने मोजा. रबराची खाच 6 मिलिमीटरची आणि काच 5 ची, असं झालं तर खडबडीत रस्त्यावर काच खडखडते आणि पाणी शिरतं. काचेवर आयएस 2553 चा, म्हणजे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा ठसा असावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार जायला हवा, बाजूच्या काचांना 50 टक्के. अॅक्रिलिकची शीट बसवू नका, धुळीने सहा महिन्यांत ओरखडे पडून मागचं दिसेनासं होतं.

जुनं रबर पुन्हा वापरायचा मोह टाळा. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते आक्रसलेलं आणि कडक झालेलं असतं. बाहेरचा ओठ ब्लेडने कापून काढा, काच शाबूत असेल तर ती हलकेच उचलली जाते. मग चौकट. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, भोक असेल तर वेल्डिंग करून घ्या, एपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. कडेवर पुट्टीचा जाड थर चालत नाही. कड जाड झाली की रबर पूर्ण बसत नाही, काचेवर एका जागी दाब येतो आणि आठ-पंधरा दिवसांनी उभ्या गाडीत काच आपोआप फुटल्यासारखी वाटते. खापर काचेवर फुटतं, दोष पुट्टीचा असतो.

बसवायला दोन माणसं आणि सावली हवी. सकाळचं काम बरं. रबर अर्धा तास उन्हात ठेवलं की मऊ होतं. ते आधी काचेवर चढवा, जोड कोपऱ्यात येऊ देऊ नका. रबरात क्रोमची पट्टी असेल तर ती याच टप्प्यावर घाला. काच चढल्यावर ती वाकल्याशिवाय जात नाही. रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसणार, तिच्यात 4 मिलिमीटरची नायलॉनची दोरी सगळीकडे फिरवा. लांबी काचेच्या परिघापेक्षा 60 सेंटीमीटर जास्त घ्या. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन आत लोंबू द्या. सुतळी नको, तिचे धागे तुटतात. ओठाला भांड्याच्या साबणाचं पाणी लावा. ग्रीस, तेल, डिझेल मुळीच नाही, रबर फुगून सैल पडतं.

काच आणि चौकट दोन्हींच्या मध्यावर टेपची खूण करा आणि काच बाहेरून खालच्या कडेवर बसवा. आतला माणूस दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढतो. दोरी निघते तसा ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो, हलका "चप्" असा आवाज येतो. बाहेरचा माणूस त्याच जागी तळहाताने दाबत राहतो. दोरी अडली तर ओढू नका, ओठ फाटेल. तिथे साबणाचं पाणी सोडा, बाहेरून थाप द्या, पुन्हा ओढा. आधी खालची बाजू, मग दोन्ही कडा, सगळ्यात शेवटी वर.

रबराला फिलरची, म्हणजे रबर घट्ट करणाऱ्या पट्टीची वेगळी खाच असेल तर तो सगळ्यात शेवटी घाला, लागतो त्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर जास्त लांब कापा आणि दाबून बसवा. ताणून घातलेला फिलर पुढच्या उन्हाळ्यात आक्रसतो आणि जोडावर फट पडते.

सीलंट हवं असेल तर न वाळणारं, मऊ राहणारं घ्या. नळीचं तोंड बाहेरच्या ओठाखाली घालून काच आणि रबर, मग रबर आणि पत्रा यांच्यात बारीक ओळ सोडा. बाहेर आलेलं लगेच पुसा.

हे सगळं मृगाआधी उरकलेलं बरं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर काम अवेळी येतं. तेव्हा तात्पुरतं प्लास्टिक बांधताना टेप काचेच्या चौकटीच्या रंगावर लावू नका, उन्हात तापून तो रंगासकट निघतो.

गळतीची तपासणी पाण्याच्या पाइपाने करा, पण सुरुवात वरून नको. आधी खालचे कोपरे, पाच मिनिटं. मग बाजू, मग वर. आत एकजण टॉर्च घेऊन फळीकडे आणि डिक्कीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याकडे बघत राहील. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे दिसतं आणि नेमकं शिरतंय कुठून ते कळत नाही. गळती खालच्या कोपऱ्यात सापडली तर ओठ उचलून सीलंट घाला. वरच्या बाजूला सापडली तर बहुधा ओठ पूर्ण उलटलेला नसतो, दोरी पुन्हा घालून तेवढाच भाग काढून बसवा.