डेल्फ्ट-फ्यूज

डेल्फ्ट-फ्यूज हे पुराचा अंदाज काढायला आणि त्यावरून इशारे द्यायला वापरलं जाणारं डच सॉफ्टवेअर. ते डेल्टारेस ही संस्था बनवते, 2008 च्या आधी हे काम डेल्फ्ट हायड्रॉलिक्सकडे होतं, ती मग डेल्टारेसमध्ये विलीन झाली. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या सरकारी पूर अंदाज केंद्रांत ते चालतं. लायसन्सला पैसे पडत नाहीत, पण म्हणून त्याला ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, म्हणायचं कारण नाही.

सुरुवात नेमकी कधीची, हे कशाला सुरुवात म्हणायचं त्यावर ठरतं. ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांना 1993 आणि 1995 ला पूर आले, 1995 ला नेदरलँड्समध्ये साधारण अडीच लाख लोक हलवावे लागले, तिथून धागा जोडणारे आहेत. दुसरं मत 2000 ते 2003 च्या युरोपियन पूर अंदाज प्रकल्पाकडे बोट दाखवतं. पण आज वापरात असलेली पिढी 2002-03 च्या सुमाराची, आणि तिला आकार आला तो ब्रिटिश कामातून, हे जास्त पटतं. 1998 च्या ईस्टरच्या पुरानंतर तिथल्या इशारा व्यवस्थेवर बरीच टीका झाली होती, आणि प्रत्येक विभागाची सिस्टीम वेगळी, मॉडेल वेगळं, ते सगळं एका छताखाली आणायचं होतं.

म्हणूनच याची रचना उलटी आहे. नदीचं मुख्य गणित फ्यूज स्वतः करत नाही, ते बाहेरचं मॉडेल करतं, मग ते सोबेक असो, माइक 11 असो की हेक-रास, फ्यूज फक्त त्याला एक्सएमएल या ठरलेल्या साच्याच्या फाइलीत डेटा काढून देतं, मॉडेल चालवतं आणि उत्तर परत वाचून घेतं. उरलेलं सगळं काम डेटाचं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. पावसाळ्यात नदी चढत असताना एखादा सेन्सर सहा तास तोच आकडा पाठवत राहिला तर तो अडकलाय हे ओळखून त्या नोंदींवर संशयास्पद असा शिक्का मारायचा. रडारचा डेटा आला नाही तर रन, म्हणजे मॉडेलची फेरी, थांबवायचा नाही, पर्जन्यमापकाचा डेटा घ्यायचा, तोही नसेल तर यादीतला त्याखालचा. आधी मागच्या काही दिवसांचा रन करून नदीची आत्ताची स्थिती पकडतात, मग तिथून पुढचा अंदाज.

वेळेचा घोळ वेगळाच. आत सगळं ग्रीनिच वेळेत साठतं, आणि आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे ग्रीनिचचे तीन, तेव्हा भारतातला रोजचा पाऊस मध्यरात्र ते मध्यरात्र धरून भरला की पूर मॉडेलमध्ये भलत्याच वेळी येतो.

अंदाज आणि इशारा हे दोन वेगळे टप्पे आहेत. पाण्याची पातळी ठरवलेला उंबरठा ओलांडणार दिसली की सिस्टीम ते दाखवते, पण जाहीर करायचं का ते सहसा माणूस ठरवतो. पुढे निरोप जातो तो बऱ्याच देशांत कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या इशाऱ्यांच्या ठरलेल्या साच्यातून, त्यात घाई किती, तीव्रता किती आणि खात्री किती हे तीन रकाने मुद्दाम वेगळे ठेवलेत. मोठा पूर पण खात्री कमी, असंही सांगता यावं म्हणून.

भारतात केंद्रीय जल आयोगाचं अंदाजाचं काम 1958 ला दिल्लीत यमुनेवर सुरू झालं, आणि 2023 ला त्यांचं फ्लडवॉच ॲप आलं. महाराष्ट्रात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने जी रिअल टाइम यंत्रणा उभी केली ती डच नाही, तिचं मॉडेल डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेचं माइक 11. पातळीचे उंबरठे मात्र ठरलेले, सांगलीला आयर्विन पुलावर 40 फूट इशारा आणि 45 धोका, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43.