लाल आकडा आणि छोटा बुद्ध: थायलंडच्या दिनदर्शिकेवरच्या दोन खुणा

बँकॉकला नव्याने राहायला आलेल्या माणसाला घरमालकाकडून, बँकेकडून किंवा कोपऱ्यावरच्या सोनाराकडून एक भिंतीवरची दिनदर्शिका हमखास मिळते. आपल्याकडच्यासारखीच: मोठे आकडे, खाली बारीक अक्षरांत तिथी, काही आकडे लाल. शिवाय काही चौकोनांत बसलेल्या बुद्धाची नखाएवढी आकृती असते. महिन्यात चार वेळा, आठवडा-आठवड्याच्या अंतराने.

पहिली दोन-तीन वर्षं मी या दोन्ही खुणांचा एकच अर्थ लावत होतो. बुद्ध दिसला की "आज सुट्टी असणार" म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सचं काम पुढे ढकलायचं, आणि नंतर कळायचं की कार्यालय उघडं होतं, रांगही नव्हती. उलटही झालंय. लाल आकडा पाहून बँकेत गेलोच नाही, आणि बँक त्या दिवशी चालू होती. चूक सर्वस्वी माझी. दिनदर्शिका बरोबरच होती, मीच ती मराठी डोळ्यांनी वाचत होतो.

बुद्धाची आकृती म्हणजे वान फ्रा. 'वान' म्हणजे दिवस, 'फ्रा' म्हणजे पूज्य, भिक्षू. हा उपोसथाचा, म्हणजे बौद्ध व्रताचा दिवस. तिथ्या ओळखीच्या आहेत: शुद्ध अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी आणि अमावास्या. थाई महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, त्यामुळे मराठी माणसाला हे गणित चटकन बसतं. या दिवशी श्रद्धाळू लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात, अष्टशील पाळतात, प्रवचन ऐकतात. कार्यालयं, बँका, शाळा मात्र नेहमीसारख्या चालू. आपल्याकडे संकष्टीला कुणी बँक बंद ठेवत नाही, तसंच.

लाल आकडा म्हणजे वान युत, सुट्टी. ती सरकार जाहीर करतं. त्यात राजाचा वाढदिवस येतो, सोंगक्रान (थाई नववर्ष) येतो, संविधान दिन येतो, आणि बौद्ध सणांपैकी चारच येतात: माखा बुचा, विसाखा बुचा, आसान्हा बुचा आणि खाव फान्सा. 'बुचा' म्हणजे पूजा. माखा, विसाखा, आसान्हा हे आपले माघ, वैशाख, आषाढ. तिन्ही पौर्णिमा. खाव फान्सा म्हणजे वर्षावासाचा (पावसाळ्यात भिक्षू एकाच विहारात राहतात त्या काळाचा) आरंभ, आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. 'फान्सा' हा शब्द 'वर्षा'वरूनच आला. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाच्या प्रवचनमाला सुरू होतात, त्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

म्हणजे पहिल्या तीन पौर्णिमांना दोन्ही खुणा एकाच चौकोनात येतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डोळ्याला सवय लागते की बुद्ध आणि लाल एकत्रच असतात. खाव फान्साचा दिवस लाल, पण तिथी प्रतिपदा, म्हणून तो महिन्याच्या त्या चार तिथींतला वान फ्रा नव्हे. आणि वर्षातले बाकीचे जवळजवळ पंचेचाळीस वान फ्रा साध्या काळ्या आकड्यांवर बसलेले.

आता लाल आकड्याच्या पोटातली आणखी एक गोष्ट, ज्यात जुनी मंडळीही फसतात. थायलंडमध्ये सुट्ट्यांची यादी एक नाही. सरकारी कार्यालयांची वेगळी, बँकांची वेगळी (ती मध्यवर्ती बँक जाहीर करते), आणि खाजगी कंपन्यांची तिसरी. कामगार कायद्याने मालकाला वर्षाला किमान १३ सणांच्या सुट्ट्या द्याव्या लागतात, त्यात कामगार दिन सक्तीचा. बाकीच्या कोणत्या ते कंपनी ठरवते. कामगार दिनाला बँका आणि कंपन्या बंद, सरकारी कचेऱ्या चालू. खाव फान्साला बरोबर उलटं: सरकारी कचेऱ्या बंद, बँका चालू.

२०२५ चा जुलै आठवा. गुरुवारी १० तारखेला आसान्हा बुचा, शुक्रवारी ११ ला खाव फान्सा, मग शनिवार-रविवार. इमिग्रेशन, वाहन परवान्याचं कार्यालय, जिल्हा कचेरी, सगळं चार दिवस बंद. बँक मात्र त्या दोन सुट्ट्यांपैकी गुरुवारीच बंद होती, शुक्रवारी ती उघडली. ज्याला व्हिसा वाढवण्यासाठी बँकेचं पत्र हवं होतं, त्याला ते शुक्रवारी मिळू शकत होतं. फक्त ते घेऊन जायला सोमवारपर्यंत दार उघडं नव्हतं. अशी पत्रं ताजी लागतात, म्हणून ती कधी काढायची याचं वेळापत्रक आधीच मांडलेलं बरं.

परदेशी रहिवाशाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. त्यासाठी मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंतची सवड असते. ही सवड आळसासाठी ठेवलेली नाही, अशा चार दिवसांच्या साखळ्यांसाठी ठेवलेली आहे असं समजून वागावं. व्हिसाची मुदत मात्र वेगळी गोष्ट. तिला अशी मागची सवड नाही, आणि मुदत उलटून राहिल्याचा दंड रोज ५०० बाट आहे. तिथे सुट्टीच्या आधीच्या आठवड्यातच जावं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी सगळं बँकॉक तिथे असतं.

शनिवार-रविवारी आलेल्या सणाची बदली सुट्टी सोमवारी मिळते. २०२५ ची विसाखा बुचा ११ मे रोजी, रविवारी आली. कचेऱ्या सोमवारी १२ ला बंद राहिल्या. पण सण रविवारचाच. विहारातल्या मेणबत्त्यांच्या प्रदक्षिणा रविवारी, दारूबंदीही रविवारी. सोमवारी दुकानातलं बियरचं कपाट उघडं आणि बँक बंद.

दारूचा विषय निघालाच आहे. इथे दोन्ही खुणा फसवतात, कारण ड्राय डेची यादी तिसरीच आहे. सुट्टीचे ते चार बौद्ध सण आणि पाचवा ऑक फान्सा, म्हणजे वर्षावासाची समाप्ती. ऑक फान्सा येतो अकराव्या महिन्याच्या पौर्णिमेला. थाई लोक महिने मार्गशीर्षापासून मोजतात, म्हणजे अकरावा आपला आश्विन, आणि ही पौर्णिमा आपली कोजागिरी. २०२५ मध्ये तो ७ ऑक्टोबरला, मंगळवारी होता. त्या दिवशी सरकारी सुट्टी नाही, बँका चालू, शाळा चालू, आणि दुकानातल्या बाटल्यांवर पडदा. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेलं आणि परवाना असलेली करमणुकीची ठिकाणं यांना या पाच दिवशी सूट मिळाली आहे, पण किराणा दुकान आणि सुपरमार्केटला नाही. घरी पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच पिशवी भरावी. साध्या वान फ्राला मात्र दारूविक्रीवर काहीच बंधन नसतं. दर आठवड्याला ड्राय डे असतो अशी समजूत बाळगून असलेले दोन-तीन मराठी संसार मला माहीत आहेत. त्यांचं त्यात काही नुकसान झालं नाही म्हणा.

मग साध्या वान फ्राचा परिणाम कुठे जाणवतो? बाजारात. पुष्कळ ठिकाणी कत्तलखाने या दिवशी बंद असतात, म्हणून गल्लीतल्या मंडईत डुकराच्या मांसाचे ठेले रिकामे दिसतात. सुपरमार्केटमध्ये सगळं मिळतं, पण ताजं मांस मंडईतूनच घ्यायची सवय असलेल्यांना आदल्या दिवशी जावं लागतं. फुलांचा भाव चढतो. मोगऱ्याच्या गजऱ्यांसारख्या माळा, कमळाच्या कळ्या, झेंडू, सगळ्यालाच गिऱ्हाईक. आमच्या मंडईत भाजी विकणाऱ्या बाईंना सगळे 'पा' म्हणतात, म्हणजे आईबापांची थोरली बहीण. वान फ्राला त्या उशिरा येतात, विहारात जाऊन. कार्यालयाच्या वेळापत्रकात याची नोंद कुठेच नसते. पालकाची जुडी मात्र नऊनंतरच.

न्हाव्याच्या दुकानाचं प्रकरण यात घालू नका. जुन्या पद्धतीची केशकर्तनालयं बुधवारी बंद असतात, त्याचा बुद्धाशी संबंध नाही. नव्या सलोनला तेही लागू नाही.

श्रीलंकेतून बदलून आलेल्यांचा गोंधळ वेगळाच असतो. तिथे प्रत्येक पौर्णिमा, म्हणजे पोया, ही पूर्ण सुट्टी. सरकार, बँका, व्यापार, तिन्ही याद्यांत. दारू आणि मांसाची विक्रीही त्या दिवशी बंद. वेसाक, म्हणजे वैशाखी पौर्णिमा, तर दोन दिवसांचा. कोलंबोत खूण एकच, तिचा अर्थही एकच. १९६६ ते १९७१ या काळात तर तिथे रविवारची साप्ताहिक सुट्टी काढून चंद्राच्या कलांप्रमाणे पोयाची सुट्टी चालवली गेली होती. त्या देशाची सवय घेऊन बँकॉकला आलेला माणूस पौर्णिमेला घरीच बसून राहतो, आणि कार्तिकी पौर्णिमेला लॉय क्रथोंगचे दिवे नदीत सुटताना पाहून विचारतो की मग आज सुट्टी का नव्हती. नाही, लॉय क्रथोंगलाही नसते. ड्राय डेही नसतो.

शेवटची अडचण खास भारतीयांची आहे. घरून फोन येतो, "आज बुद्ध पौर्णिमा ना, सुट्टी असेल तुला?" आणि इथे तो साधा कामाचा दिवस असतो. २०२३ मध्ये भारतात बुद्ध पौर्णिमा ५ मे रोजी झाली, थायलंडमध्ये विसाखा बुचा ३ जूनला. २०२६ मध्येही तेच: तिकडे १ मे, इकडे ३१ मे. कारण अधिक मास. आपल्याकडे तो वेगवेगळ्या महिन्यांत पडू शकतो, ज्येष्ठात किंवा श्रावणात. थाई पद्धतीत अधिक महिना नेहमी आठवाच, आणि त्या वर्षी माखा व विसाखा हे सण एकेक महिना पुढे सरकवले जातात. आसान्हा दुसऱ्या आठव्यात जातो. त्यामुळे त्या वर्षी घरच्या पंचांगावरून इथली सुट्टी काढू नये. भारतीय दूतावासाची यादी तर चौथीच. तिथे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर बंद. पासपोर्टच्या कामाला निघण्यापूर्वी ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहावी.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता माझ्या हाताने तिसरी खूण असते. डिसेंबरात मध्यवर्ती बँकेची यादी समोर ठेवून, बँका बंद असलेल्या तारखांभोवती निळं वर्तुळ. खाव फान्साच्या लाल आकड्याभोवती ते नसतं. बायको विचारते, "हा लाल उघडा का ठेवलास?" आणि बहुतेक वर्षी त्या उघड्या आकड्याच्या दिवशी मी बँकेत जातो, टोकन घेतो, आणि माझ्या पुढे तिघेच असतात.