मधुमेह-उपचारातील फार्मासिस्ट (खानदेश)

मधुमेहाचा रुग्ण डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, आशाताई आणि फार्मासिस्ट यांनी मिळून सांभाळायचा, या पद्धतीत औषधांची बाजू फार्मासिस्टकडे येते. गोळ्या नेमाने चालू आहेत ना हे पाहणे, इन्सुलिन टोचायला शिकवणे, दोन औषधांचे एकमेकांशी वाकडे असेल तर डॉक्टरांना कळवणे, ही त्याची कामे. डोस मात्र डॉक्टरच बदलतात. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन फार्मासिस्टच्या कामात धरले आहे; काउंटरवरच्या गर्दीत ते बरेचदा ‘सकाळी एक, रात्री एक’ एवढ्यावरच आटोपते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा माणूस ‘औषध निर्माण अधिकारी’, तर बाजारपेठेत ‘मेडिकलवाला’. डॉक्टरांची भेट दोन-तीन महिन्यांनी. ‘शुगरनी गोयी’ घ्यायला रुग्ण महिन्याच्या महिन्याला येतो. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरल्या, तर ते आधी मेडिकलवाल्यालाच कळते.

काउंटरवर हमखास पकडता येणारी चूक सिरिंजची. कुपीतले इन्सुलिन आपल्याकडे बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची, 100 युनिटची नारिंगी टोपणाची. 40 च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात जातात फक्त 4 युनिट. उलटी अदलाबदल झाली तर 10 ऐवजी 25, आणि तेव्हा जिवावर बेतते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो. घरी फ्रीज नसेल तर वापरातली कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवायला सांगतात.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, तर एकादशीला उपास. उपाशीपोटी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली की घाम, थरथर सुरू होते; रक्तातली साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तिथे तीन महिन्यांची सरासरी साखर तांबड्या पेशींवरून सांगणारी एचबीएवनसी चाचणी फसवी ठरू शकते. तो आकडा बरा दिसला, तरी घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे विचारावे लागतात.