नियम एक असणं वेगळं, शिक्का चालणं वेगळं

महापे एमआयडीसीत गाड्यांचे दिवे बनवणारे एक कारखानदार एक्स्पोर्टच्या कागदपत्रांसाठी आमच्याकडे येतात. मागे एकदा अगदी खात्रीनं म्हणाले, "वाहनांच्या नियमांच्या जागतिक करारावर भारताची सही आहे. मग आपलं इथलं टेस्ट सर्टिफिकेट युरोपात चालायलाच पाहिजे." सही आहे, हे खरं. पण तेवढ्यावर सर्टिफिकेट चालत नाही. वाशीच्या ऑफिसात ही गल्लत इतक्यांदा ऐकली आहे, आणि तिच्यापायी लहान कारखान्यांचे इतके पैसे वाया गेलेले पाहिले आहेत, की ती नीट उलगडून लिहायलाच हवी.

गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे सगळ्या देशांनी बसून नियम एकसारखे करायचे. सरकारी भाषेत सुसंगतीकरण, आमच्या धंद्यात सरळ हार्मोनायझेशन. दुसरी परस्पर मान्यता: तुमच्या तपासनिसानं पास केलेला माल आम्ही पुन्हा न तपासता घेऊ. पहिल्यात पुस्तक एक होतं, दुसऱ्यात शिक्का चालतो.

अकरावीचे प्रवेश आठवा. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई यांची पुस्तकं वेगळी, पेपर वेगळे, तपासणारे वेगळे. तरी ठाण्यातल्या कॉलेजच्या मेरिट लिस्टमध्ये तिन्ही बोर्डांची मुलं एकाच रांगेत बसतात. ही परस्पर मान्यता. पुढे बारावीला फिजिक्स बरंचसं तेच शिकूनही मेडिकलसाठी ‘नीट’ ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. तिथे अभ्यास जुळला, पण बोर्डाच्या मार्कांवर प्रवेश मिळत नाही.

दिव्यांचं नेमकं हेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाहनांचे जे करार आहेत, त्यातले दोन इथे महत्त्वाचे, एक 1958 चा आणि एक 1998 चा. युरोपियन गाडीच्या हेडलॅम्पच्या काचेवर निरखून पाहिलं तर बारीक वर्तुळात ई हे अक्षर आणि शेजारी एक आकडा दिसतो. 1 असेल तर मंजुरी जर्मनीची, 4 असेल तर नेदरलँड्सची. दिवा कुठे बनला याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही, मंजुरी कुणी दिली ते तो सांगतो. ही 1958 च्या कराराची खूण. एका सदस्य देशानं मंजूर केलेला दिवा, तोच नियम लागू करणाऱ्या दुसऱ्या सदस्यानं स्वीकारायचा. म्हणजे इथे पुस्तकही एक आणि शिक्काही चालतो. 1998 चा करार मात्र फक्त समान तांत्रिक नियम लिहिण्यापुरता आहे, एकमेकांच्या मंजुऱ्या मानण्याचं बंधन त्यात नाही. अमेरिका त्यात आहे, कारण तिकडे सरकार आधी मंजुरी देतच नाही, नियम पाळल्याचं उत्पादकच जाहीर करतो. भारत 2006 मध्ये या दुसऱ्या करारात गेला, पहिल्यात नाही. त्यामुळे आमच्या कारखानदारांना ती ई खूण 1958 च्या करारातल्या एखाद्या देशाच्या मंजुरी यंत्रणेकडूनच घ्यावी लागते.

दोन्ही गोष्टी जमल्या की काम किती सोपं होतं, ते न्हावा शेवाला जाणाऱ्या मालाखालच्या लाकडी पॅलेटवर बघावं. पॅलेटच्या बाजूला डागून उमटवलेला शिक्का असतो: गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशासाठी आयएन, प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि एचटी. एचटी म्हणजे लाकूड अगदी गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं आहे. हे कशासाठी? पॅकिंगच्या लाकडातून किडे देशोदेशी जातात. आशियातला लांब मिशांचा भुंगेरा 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांवर सापडला आणि हजारो झाडं तोडावी लागली. 2002 मध्ये जागतिक नियम ठरला, आयएसपीएम 15. आज एवढ्याशा शिक्क्यावर पॅलेट जगभर फिरतं. शिक्का पुसट असेल, तर मात्र चांगला माल परत येऊ शकतो, म्हणून कंटेनर भरण्याआधी प्रत्येक पॅलेटचा फोटो काढा असं मी सगळ्यांना सांगतो.

पुस्तक वेगळं आणि तरी शिक्का चालतो, असंही घडतं. जर्मनीत फळांच्या लिकरमध्ये किमान 25 टक्के अल्कोहोल हवं असा नियम होता, फ्रान्सच्या कासीस या अशाच लिकरमध्ये ते 15 ते 20 टक्के. 1979 मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की फ्रान्समध्ये कायदेशीरपणे विकली जाणारी बाटली सबळ कारणाशिवाय अडवता येणार नाही.

आणि आपला हापूस? त्याच्या वाट्याला दोन्हींपैकी काहीच नाही. पेटी तीच, पण फळातल्या किडीसाठी जपानला बाष्पप्रक्रिया लागते, युरोपला गरम पाण्याची, अमेरिकेला किमान 400 ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण. अमेरिकेची बाजारपेठ 2007 मध्ये खुली झाली, पण विकिरणावर देखरेखीला त्यांच्या कृषी खात्याचा माणूस इथे हजर असण्याच्या अटीवर. कोविडमध्ये त्यांचे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि 2020 व 2021 हे दोन्ही हंगाम अमेरिकेची निर्यात बंद राहिली. वाशीत विकिरणाची सोय होती, झाडावर आंबा होता, आपल्याकडे ते काम जाणणारी माणसं होती. फक्त त्यांची सही तिकडे चालत नव्हती. बागायतदारांच्या त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक घोटाळा एनएबीएलच्या, म्हणजे टेस्टिंग लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेच्या, नावावरच्या रिपोर्टचा. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे, एनएबीएल अशा संस्थांच्या जागतिक परस्पर मान्यता करारात आहे, म्हणजे रिपोर्ट सगळीकडे चालणार असं लोक धरून चालतात. पण हा करार लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थांमधला आहे, सरकारांमधला नाही. बायर बहुतेक वेळा रिपोर्ट मान्य करतो. तिकडच्या सरकारी यंत्रणेवर मात्र तसं बंधन नाही. म्हणून टेस्टिंगची फी भरण्याआधी बायरकडून ईमेलवर दोन उत्तरं लेखी घ्या: कोणतं मानक लागू आहे, आणि त्यासाठी कुणाचं सर्टिफिकेट चालेल. बरेच जण पहिलंच विचारून थांबतात. दिव्यांच्या कारखानदारांनीही तेवढंच विचारलं होतं.